आधी घराजवळचे दहा पक्षी

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. संगमनेरात प्रवरेच्या काठाने फिरायला निघालेली माणसे झपझप पावले टाकत असतात. कुणाच्या कानात गाणी, कुणाच्या तोंडी उसाचा भाव, तर कुणाचे लक्ष मनगटावरच्या घड्याळात मोजल्या जाणाऱ्या पावलांकडे. त्याच वेळी पाण्याच्या वर एक काळापांढरा पक्षी हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली वळवतो आणि दगड पडावा तसा पाण्यात कोसळतो. वर येतो तेव्हा बऱ्याचदा चोचीत मासा असतो. हा कवड्या धीवर. काही जण त्याला बंड्या म्हणतात. तो रोज तिथे असतो. आपणही रोज तिथे असतो. त्याच्याकडे बघायचे मात्र राहून जाते.

पक्षीनिरीक्षण म्हटले की लांब नळीचा कॅमेरा, हिरवे जॅकेट आणि दूरचे अभयारण्य डोळ्यांसमोर येते. हा महागडा आणि जाणकारांचा छंद आहे, असे वाटून अनेक जण सुरुवातच करत नाहीत. प्रत्यक्षात त्यासाठी लागते एक ठरलेली जागा, दिवसाची वीस मिनिटे आणि एक वही. एवढ्यावर दोन गोष्टी साधतात. मनाला विसावा मिळतो आणि आपल्या गावातल्या पक्ष्यांची नोंद तयार होते. यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

मनाला काय मिळते?

पक्षी पाहिल्यावर बरे वाटते, हा अनुभव जुनाच आहे. गेल्या काही वर्षांत तो मोजून पाहण्याचे प्रयत्न झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १,२९२ जणांना दोन आठवडे, दिवसातून तीन वेळा मोबाइलवर प्रश्न विचारले गेले. आत्ता पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो का आणि आत्ता मनःस्थिती कशी आहे, असे त्या प्रश्नांचे स्वरूप होते. पक्षी दिसल्याची किंवा ऐकू आल्याची नोंद होती तेव्हा लोकांना अधिक बरे वाटत होते आणि हा परिणाम काही तास टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्या व्यक्तींमध्येही तो दिसला.

त्याच वर्षी जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २९५ जणांना केवळ सहा मिनिटे आवाज ऐकवले. काहींना पक्ष्यांचे, काहींना वाहनांचे. पक्ष्यांचे आवाज ऐकणाऱ्यांची चिंता कमी झाली. वाहनांचा गोंगाट ऐकणाऱ्यांची उदासी वाढली. त्याआधी २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले होते, की आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. ही १२० मिनिटे एकदम घालवली काय किंवा थोडी थोडी घालवली काय, फारसा फरक पडत नव्हता. रोजची वीस मिनिटे धरली तर आठवड्याची १४० होतात.

या अभ्यासांच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. ते प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील लोकांवर झाले आहेत आणि बरीचशी माहिती लोकांनी स्वतःच सांगितलेली आहे. पक्षी बघणे हे औषध नाही. नैराश्य किंवा चिंतेसाठी उपचार सुरू असतील तर ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. आणखी एक गोष्ट मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावी. पक्षी बघत रमतगमत चालणे म्हणजे भरभर चालण्याचा व्यायाम नव्हे. आधी नेहमीचे चालणे पूर्ण करावे आणि मग वीस मिनिटे एका जागी बसून पक्षी बघावेत. गुडघे दुखणाऱ्यांना तर हा छंद घराच्या गॅलरीतूनही करता येतो.

दहाच का?

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे जाडजूड पुस्तक उघडून सगळेच पक्षी एकदम शिकायला जाणे. भारतात पक्ष्यांच्या १,३०० हून अधिक जाती आढळतात. पुस्तक चाळता चाळता डोके गरगरते आणि ते पुन्हा कपाटात जाते. त्याऐवजी घराजवळचे दहा पक्षी पक्के करावेत. चिमणी, कावळा, पारवा, साळुंकी, घार, बुलबुल, होला, कोकीळ, गायबगळा आणि खंड्या ही यादी संगमनेरच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना चालेल.

‘हे तर सगळे माहीत आहेत’ असे वाटेल. मग स्वतःला काही प्रश्न विचारून पाहावेत. घारीची शेपटी टोकाला गोल असते की मधे खाच असलेली? कोकिळेची मादी काळी असते का? खंड्याला पाण्यातला मासाच लागतो का? उत्तरे अशी आहेत: घारीच्या शेपटीला मधे खाच असते. कोकिळेचा नर काळा कुळकुळीत. मादी तपकिरी आणि अंगभर पांढुरके ठिपके असलेली. ‘कुहू’ ही साद घालतो तो नर. आणि खंड्या पाण्यापासून लांब, विजेच्या तारेवर बसून सरडे आणि किडेही टिपतो. ओळखीच्या दहा पक्ष्यांबद्दल अशा चार-चार गोष्टी कळल्या, की अकरावा पक्षी आपोआप वेगळा दिसू लागतो.

ओळखताना रंगाकडे सर्वांत शेवटी बघावे, कारण उन्हात आणि सावलीत रंग फसवतो. आधी आकार पाहावा. पक्षी चिमणीएवढा आहे, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच पाहावी. जाड आणि आखूड चोच दाणे फोडायला, लांब आणि बारीक चोच चिखलात चाचपायला, आकडीसारखी चोच मांस फाडायला. त्यानंतर पक्षी काय करतो ते पाहावे. शेपटी हलवतो की उड्या मारतो, तारेवर बसतो की जमिनीवर पळतो? एक साधा सराव बगळ्यांवर करता येतो. दोन पांढरे बगळे दिसले तर चोच बघावी. पिवळी चोच असेल तर गुरांमागे फिरणारा गायबगळा; काळी चोच, काळे पाय आणि पावले मात्र पिवळी असतील तर लहान बगळा.

नावातच खूण

मराठी माणसाला या छंदात एक सोय आहे. आपल्याकडची पक्ष्यांची बरीच नावे म्हणजे ओळखीच्या खुणाच आहेत. हळदीकुंकू बदक पाण्यावर दिसले तर चोच बघावी. टोकाला हळदीचा पिवळा रंग आणि मुळाशी कुंकवासारखे लाल ठिपके. तांबट दिसण्याआधी ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा ‘टुक टुक’ आवाज उन्हाळ्यात भर दुपारीही चालू असतो. शिंपी पाने शिवून घरटे करतो. सातभाई पाच-दहाच्या टोळीने कलकलाट करत फिरतात. धोबी पाण्याकाठी सतत शेपटी आपटतो. वेडा राघू तारेवरून झेपावून माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. टिटवी तर स्वतःचेच नाव ओरडत जाते.

ही नावे शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी आणि नदीकाठच्या लोकांनी ठेवली. त्यांनी कधी ‘पक्षीनिरीक्षण’ हा शब्द वापरला नसेल, पण ज्वारी-बाजरीच्या कणसांची राखण करणाऱ्याला कोणते पाखरू केव्हा येते हे पाठ असे. म्हणून गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाजवळ बसून स्थानिक नावे विचारणे, ही सुरुवातीची उत्तम शिकवणी ठरते.

संगमनेरमध्ये कुठे?

संगमनेर प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसले आहे. गावाजवळच चार वेगवेगळ्या प्रकारच्या जागा मिळतात आणि प्रत्येक ठिकाणचे पक्षी निराळे.

पहिली जागा नदी. इथे धीवर, पाणकावळा, बगळे, टिटवी आणि लांब गुलाबी पायांचा शेकाट्या बघता येतो. भंडारदरा-निळवंडे धरणांतून आवर्तन सुटले की पात्र भरते आणि उथळ पाण्यात चालणारे पक्षी दुसरीकडे जातात. पाणी ओसरले की ते परततात. पाण्याच्या पातळीची नोंद पक्ष्यांच्या आकड्याशेजारी ठेवली तर काही महिन्यांत हा संबंध वहीतच दिसू लागेल.

दुसरी जागा बागायती शेत. नांगर चालू असेल तर मागे गायबगळे आणि कोतवाल हमखास येतात, कारण उलटलेल्या मातीतून किडे बाहेर पडतात. उसाच्या कडेला आणि गवतात वटवट्या नावाचा चिमुकला पक्षी शेपटी उभारून ओरडत असतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी लटकलेली असतात. ती विणायला सुगरण गवताच्या आणि उसाच्या पानांच्या बारीक पट्ट्या काढते. नाव बाईचे असले, तरी विणकाम नर करतो.

तिसरी जागा पठारभागातला आणि डोंगरउतारांवरचा माळ. वरवर उजाड वाटणाऱ्या या माळावर चंडोल, तितर, माळटिटवी आणि हवेत एका जागी थांबून उंदीर शोधणारी कापशी घार आढळते. या पक्ष्यांना झाडे नकोत, मोकळे गवत हवे असते. त्यामुळे माळ ‘पडीक’ दिसतो म्हणून तिथे सरसकट झाडे लावणे पक्ष्यांच्या हिताचे असतेच असे नाही.

चौथी जागा जुनी झाडे. वड, पिंपळ, उंबर यांना फळे आली की तांबट, साळुंक्या, कोकीळ आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल अशा झाडांवर येतात. तालुक्यातील पेमगिरीचा विस्तीर्ण वटवृक्ष प्रसिद्ध आहे. पण गल्लीतला एखादा उंबरही सुरुवातीला पुरेसा असतो. हरियालाचा रंग पानात मिसळून जातो, म्हणून झाडाखाली पाच मिनिटे न हलता उभे राहावे. मग एकेक पान हलायला लागते आणि तो पक्षी असल्याचे कळते.

सुरुवातीला हिवाळा सोयीचा. पांढरा धोबी उत्तरेकडून येतो, तर भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे मध्य आशियाकडून ज्वारीच्या शिवारात उतरतात. थोडा सराव झाला की एखाद्या रविवारी निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरला जाता येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या पाणथळीला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे तिथे हिवाळ्यात येतात. मात्र घराजवळचे दहा पक्षी पक्के झाल्यावरच जावे. नाहीतर हजार पक्षी दिसतात आणि एकही ओळखू येत नाही.

वही हेच मुख्य साधन

डॉ. सलीम अली यांचे उदाहरण नवशिक्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. १९३० मध्ये, हाताला नोकरी नसताना, ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. तिथे सुगरणींची वसाहत होती. रोज तिच्यासमोर बसून कोणता नर कोणते घरटे विणतो, कोणती मादी कुठे जाते, हे ते टिपत राहिले. त्या नोंदींतून सुगरणीच्या संसाराची रीत उलगडली. नर घरटे अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन पाहते आणि पसंत पडले तरच जोडी जमते. मग घरटे पूर्ण होते आणि नर दुसरे विणायला घेतो. या कामाला लागले ते डोळे, वही आणि रोज त्याच जागी जाऊन बसण्याची चिकाटी. तशीच विहीर आणि तशीच बाभळ संगमनेरच्या शिवारात आजही आहे.

वहीत काय लिहावे? तारीख, वेळ, जागा, किती मिनिटे पाहिले, हवा कशी होती, कोणते पक्षी, किती आणि काय करत होते. न ओळखलेल्या पक्ष्याचे वर्णन करावे, वेडेवाकडे का होईना चित्र काढावे. जो पक्षी नेहमी दिसतो तो आज दिसला नाही, हेही लिहावे. तीसुद्धा माहितीच आहे.

अशा नोंदींचे मोल किती, हे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालातून कळते. सुमारे ३० हजार हौशी पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. परंतु दीर्घकाळात संख्या वाढली की घटली, हे केवळ ३३८ जातींबाबत सांगता आले. त्यांपैकी २०४ जाती, म्हणजे सुमारे ६० टक्के, घटल्याचे दिसले. उरलेल्या सहाशे जातींसाठी पुरेशा नोंदीच नव्हत्या. एखादा पक्षी आपल्या तालुक्यातून निघून गेला आणि तो होता याचीही कुठे नोंद नाही, असे घडू शकते.

चिमणीचेच घ्या. चिमण्या संपल्या, असे सगळीकडे म्हटले जाते. याच मालिकेतील २०२० च्या अहवालात मात्र देशपातळीवर चिमण्यांची संख्या साधारण स्थिर असल्याचे आणि घट प्रामुख्याने मोठ्या महानगरांत झाल्याचे दिसले. मग संगमनेरच्या बाजारपेठेतल्या चिमण्यांचे काय? त्याचे उत्तर दिल्लीत किंवा पुण्यात मिळणार नाही. दर आठवड्याला त्याच दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहून मोजणाराच ते देऊ शकेल.

वहीतल्या नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकल्या की संशोधकांपर्यंत पोहोचतात. ‘मर्लिन’ हे ॲप फोटो किंवा आवाजावरून पक्षी सुचवते. ते चुकूही शकते, म्हणून डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय नाव लिहू नये. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये किमान १५ मिनिटे पक्षी मोजून कुणालाही भाग घेता येतो.

दुर्बीण कधी घ्यावी?

पहिला महिना दुर्बिणीशिवाय घालवावा. छंद टिकला तर मगच खर्च करावा. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवशिक्याला ८×४२ सोयीची. जास्त पट असली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते आणि दिसण्याचा पट्टा बहुधा अरुंद होतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरावा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावावी. चष्मा असलेल्यांनी डोळ्यांकडची रबरी कडा खाली करून चष्म्यासकट पाहावे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

स्वतःची आणि पक्ष्यांची काळजी

संगमनेर परिसरात उसात बिबट्या असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे झुंजुमुंजू असताना किंवा अंधारून आल्यावर उसाच्या कडेला एकट्याने जाऊ नये, वाकून किंवा खाली बसून राहू नये, लहान मुलांना पुढे सोडू नये. पूर्ण उजाडल्यावर, दोघा-तिघांनी, बोलत जावे. गवतात बूट घालावेत. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर दुर्बीण डोळ्यांना लावून चालू नये. आधी थांबावे, मग बघावे.

घराजवळ पक्ष्यांसाठी उथळ भांड्यात पाणी ठेवणे चांगले, पण ते रोज बदलावे आणि भांडे घासावे. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते. कबुतरांना मात्र दाणे टाकू नयेत. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींना फुप्फुसाचा आजार जडतो. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. जखमी पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

घरट्याजवळ जाणे, फांद्या बाजूला करून फोटो काढणे, पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. टिटवी जमिनीवरच, खड्यांमध्ये अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी किंवा पिल्ले जवळपास असावीत असे समजून आल्या पावली मागे फिरावे.

पद्मश्री मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पण त्याची वाट बघत बसण्याचे कारण नाही. उद्या सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसावे, वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि वेळ लिहावी आणि वीस मिनिटांत जे दिसेल ते टिपावे. चार कावळे, दोन साळुंक्या आणि ओळखू न आलेला एक, एवढेच जमले तरी सुरुवात झाली. त्या न ओळखलेल्या एकासाठी परवा सकाळी पुन्हा खिडकीशी बसावेसे वाटले, तर छंद लागला म्हणायचा.